घरात बाईमाणूस नाही

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत बारावीच्या मुलींना निरोप द्यायचा कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी अर्धा तास हिंदीतून सांगितलं, की सेवाभाव हा स्त्रीच्या रक्तातच असतो, तो तिला शिकवावा लागत नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, ते मी मानले. तीस वर्षं मी या शाळेत जीवशास्त्र शिकवते. रक्तात काय काय असतं ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, पिवळट पाणी. सेवाभाव मला अजून सापडलेला नाही. पण उठून तसं म्हणायचा कंटाळा आला. हल्ली मला कंटाळा फार लवकर येतो.

घरी येताना ऑटोत धूळ खात बसले होते, तेव्हा बनसोड भाऊंची आठवण झाली. त्यांनाच खरं तर त्या व्यासपीठावर बसवायला हवं होतं. आले नसते म्हणा. आणि आले असते तरी सगळं भाषण संपेपर्यंत हॉलच्या पंख्याकडे बघत राहिले असते, कारण तो करकरत होता.

हिरामण बनसोड. रायपुरात गुढियारीला आमच्या ओळीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे तुमसरकडचे, वडील रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आले आणि मंडळी इथलीच होऊन गेली. उंच, किडकिडीत, खांद्यात जरासे वाकलेले. हात कितीही घासले तरी नखांच्या कडांना काळं राहायचंच. कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी दाराची बिजागरी बघणार, कडी बघणार, नळाची तोटी बघणार. काही करकरत असलं की दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन हजर. “आवाज करून राह्यलं म्हणजे काही सांगून राह्यलं, मॅडम,” असं म्हणायचे. ते मला मॅडमच म्हणायचे. मी एकदा म्हटलं, अहो, वहिनी म्हणा. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वाक्याला पुन्हा मॅडम.

त्यांची बायको काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. बायकोचं शेवटचं सगळं त्यांच्या आईनं केलं. तिला आमची सगळी ओळ मायच म्हणायची. माय म्हणजे तरुणपणी मालधक्क्यावर पोती वाहिलेली बाई, अंगानं बारकी पण आवाज असा की रस्त्यावरचा भाजीवाला दचकून भाव कमी करायचा. ही माय एका सकाळी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत काही उभी राहिली नाही. त्या दिवसापासून आमच्या ओळीत एक वाक्य सुरू झालं. जो येई तो दारात चपला काढता काढता म्हणे, “काय करता, घरात बाईमाणूस नाही ना.” कोणी सुचवलं, भाऊ, लग्न करून टाका. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लग्न कशासाठी, तर आईची गादी बदलायला. कोणी म्हणालं, गोंदियाच्या बहिणीकडे पाठवा. एक बाई कामाला ठेवली होती, तिला मायनं चार दिवसांत शिव्या घालून घालवलं.

मीही त्यातलीच. मलाही वाटलं, घरात बाईमाणूस नाही, आपण जायला हवं. माझी शाळा दुपारपाळीची, सकाळ मोकळी. बनसोड भाऊंनी स्वतःची ड्यूटी कायमची सकाळची करून घेतली होती, सहा ते दोन. तेव्हा सकाळी जाऊन मायला पुसून काढायचं, कपडे बदलायचे, चहा पाजायचा, हे मी माझ्याकडे घेतलं. मला ते येत होतं. त्याच्या आधी दोन वर्षं मी माझ्या सासूबाईंचं केलं होतं.

त्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी नंतर जे वागले ते कळेल. आमचे हे माणूस म्हणून वाईट नाहीत. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा रोज खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि अगदी मनापासून विचारायचे, “काही हवं का?” उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. एकदा मी म्हटलं, जरा इकडून धरा. तर म्हणाले, “मला नाही गं बघवत. तुम्हा बायकांमध्ये ते असतंच, हार्मोनच तसे असतात, तूच शिकवतेस ना.” बघवत मलाही नव्हतं. पण मला ते कोणी विचारलं नव्हतं. मी हात धुऊन शाळेत जायची आणि दहावीला हार्मोन शिकवायची.

तर मायचं मी पंधरा दिवस केलं. सोळाव्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी बनसोड भाऊंना सांगितलं की माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होताहेत. परीक्षांना अजून महिना होता. मी दमले होते, एवढंच खरं कारण. दुसऱ्याच्या म्हातारीचं अंग पुसताना मला माझी स्वतःची दोन वर्षं परत दिसायला लागली होती, आणि मला ते नको होतं.

“बरोबर आहे, मॅडम,” ते म्हणाले. “तुमी तं एक डाव करून बसल्या.” मग जरा थांबले. “मले शिकवून द्या.”

“काय?”

“हेच. कसं फिरवाचं, कसं पुसाचं, लुगडं कसं नेसवाचं. मी लिहून घेतो.”

आणि खरंच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन आले. आमच्या दिवाणावरचा लोड मी आडवा ठेवला आणि त्याला माय समजून शिकवायला सुरुवात केली. गुडघा आधी वाकवायचा, मग एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडे वळवायचं, ढकलायचं नाही. चादर अर्धी गुंडाळून पाठीखाली सारायची. ते एकेक पायरी लिहीत होते, मधेच बाणबीण काढत होते. माय गाऊन घालायला तयार नव्हती, पातळच हवं, म्हणून झोपलेल्या बाईला पातळ कसं नेसवायचं हेही शिकवलं. तेवढ्यात आमचे हे ऑफिसातून आले. त्यांनी पाहिलं की बनसोड भाऊ आमच्या दिवाणावर गुडघे टेकून लोडाला माझी जुनी साडी नेसवताहेत आणि निऱ्या मोजताहेत. हे आल्या पावली चहा प्यायला कोपऱ्यावर निघून गेले. माझी मुलगी दारातून म्हणाली, “मम्मी, लगे हाथ पापा को भी सिखा दो.” मी तिला गप्प बसवलं.

जाताना बनसोड भाऊंनी वही मिटली आणि विचारलं, “मॅडम, तुमी बायोलॉजीवाल्या. खरं सांगा. बाईच्या हातात काही वेगळं असते का? नस-गिस?”

मी सांगायला लागले. म्हणजे असं आहे, बाळंतपणात काही हार्मोन असतात, दूध येतं, त्याचा परिणाम होतो, पण माणसाचं सगळंच काही त्यावर चालत नाही, घरात जे बघतो, जे आपल्याकडून करवून घेतलं जातं, तेही अंगात भिनतं, दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की... ते शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “म्हणजे तुमालेबी पक्कं मालूम नाई.”

“नाही,” मी म्हटलं.

“आमच्या प्लांटमधी नवा माणूस येते. त्याले पाना धरता येत नाई. सहा महिन्यात येते. कोनी म्हनत नाई का ह्याच्या रक्तात पाना नाई.” आणि आमच्या दाराची बिजागरी एकदा हलवून बघून निघून गेले.

ड्यूटीच्या आधी आणि ड्यूटीवरून आल्यावर ते करायचे, मधल्या वेळात ओळीतलं कोणी ना कोणी मायकडे डोकावून यायचं. शिकणं सोपं निघालं. अवघड निघाली माय. तिला मुलाचा हात नको होता. पोराच्या हातचं जेवण चालेल, औषध चालेल, पण अंगाला हात नको. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं तसं केलं नाही. तिनं पाणी पिणं सोडलं. पाणी प्यायलं नाही की कपडे बदलावे लागत नाहीत, असा तिनं हिशेब केला होता. आम्हा कोणाच्या ते लक्षातच आलं नाही, कारण ग्लास रिकामा व्हायचा. ती तो खाटेखालच्या बादलीत ओतायची. मग ताप चढला. डॉक्टरांनी लघवीच्या जागी जंतू झाल्याचं सांगितलं आणि बनसोड भाऊंना रागावले, आईला पाणीसुद्धा पाजत नाही का म्हणून.

त्या संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. “आवाजच करत नाई ना, मॅडम,” म्हणाले. “आवाज केला असता तं समजलं असतं मले.” मी चहा दिला, तो तसाच गार झाला. मला आतून शरम वाटत होती, कारण परीक्षेचं कारण सांगून सुटलेली मी होते.

त्यांनी मग यावर जो मार्ग काढला तो फिटरचाच. मशीनच्या पोटात जिथं डोळा पोचत नाही तिथं हातानंच चाचपून काम करावं लागतं, ते त्यांनी आयुष्यभर केलेलं. मायच्या अंगावर गळ्यापासून चादर घातली, तिला सांगितलं, “माय, मी डोये बंद करतो. उघडणार नाई. तुह्या शपथ.” आणि डोळे घट्ट मिटून चादरीखाली हात घालून तिला पुसायला लागले. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी होते. मायनं तोंड भिंतीकडे केलं होतं आणि ती रडत होती. ते डोळे मिटून, ओठ दाबून, बोटांनी पातळाचं टोक शोधत होते. पाणी अर्धं गादीवर सांडलं. मी पुढे झाले नाही. पुढे झाले असते तर माझ्या गळ्यात ते कायमचं पडलं असतं, हेही मनात होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

असे तीन-साडेतीन महिने गेले. माणूस रोज डोळे मिटून आईला आंघोळ घालत होता. एका रविवारी मी भाजी द्यायला गेले, तर आतून मायचा जुना आवाज आला, भाजीवाल्याला दचकवणारा. “डोये उघड! खाटेच्या पायाले अडकून पडशीन मुर्दाड्या, मंग तुहं कोन करन?” मी बाहेरच थांबले. मग तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मायचा, “हाव. असं. मान पूस आता.” मी भाजी ओट्यावर ठेवून परत आले आणि उगीचच स्वयंपाकघरात उभी राहिले. मला रडू येत होतं.

त्यानंतर बनसोड भाऊंना सूर सापडला. मायला हात वर करता यायचा नाही, म्हणून ब्लाउज घालताना ती कण्हायची. तेव्हा त्यांनी ग्राफ पेपरवर ब्लाउजचं ड्रॉइंग काढलं. वरून, बाजूनं, मागून. मापं मिलिमीटरमध्ये. पाठीकडून पूर्ण उघडणारा आणि दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोची चिकटपट्टी असलेला. ते घेऊन सदर बाजारातल्या एका लेडीज टेलरकडे गेले. तिथं ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांची रांग, आणि मध्ये बनसोड भाऊ निळ्या युनिफॉर्मात. टेलरनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “भैया, ये ब्लाउज है कि मशीन का पार्ट?” भाऊ म्हणाले, “पार्ट ही समझो. पर बगल में तीन एमएम की ढील रखना, नहीं तो जाम होगा.” टेलर हसून हसून बेजार झाला, पण शिवून दिला. पहिला तंग झाला, कारण कापड धुतल्यावर आटतं हे फिटरला कुठून माहीत असणार. दुसरा नीट बसला. मायनं तो घालून आरशात बघायला मागितलं.

पण या सगळ्याची किंमत पडली. फोरमनची जागा रिकामी झाली होती आणि ती त्यांचीच होती. फोरमनला पाळ्या बदलत्या, म्हणून त्यांनी ती नाकारली. ज्याला काम शिकवलं तोच त्यांच्यावर साहेब झाला. कारखान्यातले जोडीदार म्हणायचे, “क्यों बनसोड, नर्सिंग का कोर्स कर लिया क्या?” ते नुसते मान हलवायचे. दोन वर्षांत त्यांचे केस सगळे पांढरे झाले. डबा खाता खाता डोळा लागायचा.

आमच्या ओळीतल्या बायका मात्र आता वेगळंच बोलायला लागल्या होत्या. देवमाणूस हो, देवमाणूस. असा मुलगा शोधून सापडायचा नाही. खरं सांगते, मला राग यायचा. मी दोन वर्षं तेच केलं तेव्हा मला कोणी देवी म्हटलं नव्हतं. पाहुणे यायचे आणि चहाला किती वेळ म्हणून आत डोकावायचे. पण गंमत अशी, की बनसोड भाऊंनाही राग यायचा. एकदा मला म्हणाले, “मॅडम, तुमी केलं तवा कोनी काही म्हटलं का तुमाले?”

“नाही.”

“मंग मले काहून म्हनून राह्यले? मी काय सर्कशीतला हत्ती हाये का सायकल चालवनारा?”

आणि ते काही देवमाणूस नव्हते. एका दुपारी शाळेला सुट्टी होती, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्यांच्या घरातून वाटी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचं ओरडणं, “मरत काहून नाई वो तू एकदाची! मले तरी सुटू दे!” मग ते बाहेर आले आणि ओट्यावर बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी हे रोज म्हणत होते. मनातल्या मनात.” त्यांनी मान खाली घातली. दहा मिनिटांनी उठून आत गेले आणि भिंतीवरची खिचडी पुसू लागले. त्या दिवसाइतका तो माणूस मला कधी जवळचा वाटला नाही.

तिसऱ्या वर्षी गोंदियाहून त्यांची बहीण आली. सुमन. भाड्याची गाडी घेऊनच आली होती. येताना निश्चय करून आलेली दिसत होती. मी पोळ्या द्यायला गेले होते, तर मला बसवून घेतलं, साक्षीला म्हणून असेल.

“भाऊ, मी मायले नेऊन राह्यली,” ती म्हणाली. “पुरा मोहल्ला पाहून राह्यला. आमच्या गोंदियापर्यंत गोष्ट आली. माय आहे थे तुही, पन बाई आहे. पोट्ट्यानं मायले आंघोय घालनं, हे काय बरं दिसते? मी पोरगी जिती असून?”

बनसोड भाऊ खाटेची चादर सारखी करत होते. त्यांचे हात थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. आई न्यायला कोणी आलं तर हक्कानं नाही म्हणायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. मुलगी होती ती. मुलीचंच काम मानतात ते. “माय जे म्हनन थे,” एवढंच म्हणाले.

माय छताकडे बघत राहिली.

सुमन म्हणाली, दोन दिवस मी इथंच राहते, मायला माझी सवय होऊ द्या, मग नेते. दोन दिवस तिनं सगळं केलं. पदर खोचून, नाकाला रुमाल बांधून, झपाझप. बनसोड भाऊ ओट्यावर बसून राहायचे, आतून भांड्याचा आवाज आला की मान उचलायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथंच होते. ते उठून आत गेले, मायच्या उशाशी ठेवलेला ग्लास त्यांनी उचलला, खिडकीशी धरून पाहिला, मग खाली वाकून बादलीत पाहिलं. आणि सुमनपुढे ग्लास धरला.

“कालपासून पानी पेली नाई माय.”

“मंग मी काय करू? मी दिलं तिले.”

“तिनं ओतलं.”

सुमनला काही कळेना. त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात, की माय पाणी कधी सोडते. सुमन ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

“मले जमत नाई, भाऊ,” ती म्हणाली. “मले किळस येते. माह्याच मायची किळस येते मले. तिले समजलं थे. मी कशी पोरगी आहे रे? सगळ्यायले जमते, मलेच काहून नाई?”

मी उठायला लागले, तर तिनं माझा हात धरला. “वैनी, हे कोनाले सांगजा नोका.” मी नाही सांगितलं, आजपर्यंत. आज सांगतेय, कारण तिची चूक काहीच नव्हती. तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की हे तिच्यात जन्मापासून असणार, आणि ती ते स्वतःत शोधत बसली होती. बनसोड भाऊंना ते त्यांच्यात असेल असं कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी वही आणली. बनसोड भाऊ तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “मलेबी येत होती, सुमे. सहा महिने येत होती.” दुसऱ्या दिवशी गाडीतून सुमन एकटीच गोंदियाला गेली.

माय पुढच्या थंडीत गेली. बनसोड भाऊ अडीच वाजता ड्यूटीवरून आले, हात धुतले, तिला उठवायला गेले, तर ती झोपेतच गेलेली. ते माझ्याकडे सांगायला आले नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा त्यांच्या दारात माणसं दिसली. सुमन यायची म्हणून सगळं दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवलं.

सकाळी त्यांनी रोजच्यासारखं पाणी तापवलं. टब आणून खाटेजवळ ठेवला, टॉवेल ठेवला, पांढरं नवं पातळ ठेवलं, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. तेव्हा ओळीतली एक वयस्क बाई पुढे होऊन म्हणाली, “भाऊ, तुमी बाहेर बसा आता. बाईचं बाईनंच करा लागते.” त्यांना कळलंच नाही ती कोणाशी बोलतेय. मग त्यांनी सुमनकडे पाहिलं. सुमनचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “भाऊ, आता तरी मले करू दे.”

त्यांच्या हातात पाण्याचा मग होता. त्यांनी तो तिच्या हातात दिला. बाह्या खाली केल्या आणि बाहेर जाऊन पुरुषांच्या रांगेत भिंतीशी बसले. दार मी लावलं. कडी मीच घातली. काही म्हणावं असं मला वाटलं होतं, नाही असं नाही. पण सुमनकडे पाहिलं आणि बोलले नाही.

आम्ही पाणी घालायला सुरुवात केली तसा बाहेरून आवाज आला, “कानात पानी जाऊ देजा नोका. तिले भेव वाटते.” एक जण पुटपुटली, आता कसलं भय. सुमननं सगळं केलं, मान वळवून न घेता, हात न आखडता, शेवटपर्यंत केलं. पातळ नेसवलं, केस विंचरले, कपाळ पुसलं. मग मी दार उघडलं. चौघं पुरुष उचलायला आत आले.

“थांबा,” बनसोड भाऊ म्हणाले.

ते पुढे आले. खांद्यावरच्या गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मायच्या उजव्या कानामागे फिरवलं, मग मान जराशी वळवून डाव्या कानामागे. गमछ्याचं टोक ओलं झालं. आत आम्ही सात जणी होतो, आणि तिथं पाणी राहिलंय हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सुमननं ते पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

“न्या आता,” ते म्हणाले, आणि बाजूला झाले.